एका हाताचा नेम

भ्रमणध्वनीवरील नेमबाजीचे खेळ दोन अंगठ्यांसाठी रचलेले असतात. डावा अंगठा पात्राला चालवितो, उजवा नेम धरतो आणि गोळीही झाडतो. जन्मतः एक हात अपुरा असलेल्या किंवा अपघातात तो गमावलेल्या खेळाडूची अडचण येथेच सुरू होते. केवळ नजर तीक्ष्ण असून भागत नाही. तीन क्रिया एकाच क्षणी कराव्या लागतात.

नांदेड, लातूरच्या तरुणांच्या हाती संगणकापेक्षा मोबाइलच अधिक. त्यामुळे उपायही त्यातच शोधावा लागतो. २०२१ मध्ये आलेल्या ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’त बटणांच्या जागा व आकार बदलता येतात, पात्र आपोआप धावते ठेवता येते. सर्वांत उपयोगी ठरतो तो जायरोस्कोप. फोन किंचित कलविला की नेम हलतो आणि अंगठा गोळीबारासाठी मोकळा राहतो. फोन स्टँडवर घट्ट बसविला तर मात्र हा लाभ जातो. तो मांडीवर किंवा दंडावर टेकलेला, पण कलता हवा.

मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये आणलेल्या ‘एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलर’ला पायाने वा कोपराने दाबायची बटणे जोडता येतात, तो एक्सबॉक्स व संगणकासाठी आहे. मोबाइलला कळफलक-माउस जोडणारी साधने अनेक खेळांत नियमबाह्य ठरतात. धडधाकटाची लबाडी आणि दिव्यांगाची कुबडी यांत असा नियम फरक करीत नाही, ही त्याची मोठीच उणीव. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आहे. स्पर्धेत उतरणाऱ्याने साधनांची परवानगी आयोजकांकडून आधीच लेखी घ्यावी.