पान, ठसा आणि आवर्तन : विल्यम मॉरिसचे वॉलपेपर

इ. स. १८५१ मध्ये लंडन येथे भरलेल्या महाप्रदर्शनाने यंत्रनिर्मित वस्तूंचे वैभव जगापुढे मांडले, आणि त्यांच्या अलंकरणातील दारिद्र्यही उघड केले. भिंतीवर चिकटवावयाच्या कागदांत छायाप्रकाशाने उठाव दिलेले गुलाबांचे गुच्छ असत. सपाट भिंत जणू बाग असल्याचा आभास निर्माण करी. ओवेन जोन्स याने १८५६ मधील ‘ग्रामर ऑफ ऑर्नमेंट’ या ग्रंथात या आभासाला विरोध केला आणि निसर्गरूपांना संकेतरूप द्यावे, असा आग्रह धरला. पहिल्या मार्गात नक्कल होती. दुसऱ्यात पानाफुलांचे चैतन्य हरपण्याचा धोका होता. या दोहोंमधून विल्यम मॉरिस (१८३४–१८९६) याने आपली वाट काढली.

१८६२ मध्ये रेखाटलेल्या ‘ट्रेलिस’ या नमुन्याचे मूळ त्याच्या ‘रेड हाउस’ या घराच्या बागेत होते. तेथील लाकडी जाळीवर चढविलेले गुलाब कागदावर आले. त्यांतील पक्षी मात्र वास्तुकार फिलिप वेब याने काढले. येथे जाळीचे चौकोन आवर्तन उघडपणे सांगतात. १८८७ च्या ‘विलो बाऊ’ मध्ये ती जाळी उरली नाही. डहाळ्या एकमेकींत अशा गुंतल्या आहेत की, नमुन्याचा एक घटक कोठे संपून दुसरा सुरू होतो, हे सहसा जाणवत नाही. पान ओळखू येते, तथापि भिंत भिंतच राहते. उत्तम अनुवादात मूळ कृतीची लय नव्या भाषेच्या नियमांत राहून उतरते. त्याच जातीचे हे रूपांतर होय.

या रूपांतराला मोल पडत असे. इझ्लिंग्टनच्या जेफ्री कंपनीत हे कागद लाकडी ठशांनी, हाताने छापले जात. एक रंग वाळल्यावर दुसरा. १८७५ च्या ‘अकँथस’ या नमुन्यास तीस ठसे लागले. कला मूठभरांची नसावी, असे १८७७ पासून व्याख्यानांतून सांगणाऱ्या आणि १८८३ मध्ये समाजवादी चळवळीत शिरलेल्या मॉरिसची अशी निर्मिती श्रमिकाच्या घरी पोहोचणे कठीणच होते.

याहून कठोर विसंगती रंगातच होती. त्या काळातील अनेक हिरव्या रंगांत सोमल असे. ‘ट्रेलिस’च्या एका जुन्या नमुन्याचे पृथक्करण २००३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याच्या हिरव्या रंगातही सोमल आढळल्याचे स्पष्ट झाले. ज्या डेव्हन ग्रेट कॉन्सोल्स खाणीत मॉरिस कुटुंबाचे भाग होते, ती सोमलाच्या मोठ्या उत्पादकांपैकी एक होती. आणि मॉरिस स्वतः १८७१ पासून काही वर्षे तिचा संचालक होता.

म्हणून त्याची पाने असत्य ठरत नाहीत. निसर्गाकडे पाहण्याची शिस्त त्यांनी अलंकरणकलेस दिली, हे निर्विवाद आहे. परंतु त्या हिरवळीची किंमत कोणी मोजली, हे नमुन्याच्या रेषेत दिसत नाही. ते इतिहासाने सांगावयाचे असते. सौंदर्याची समीक्षा रेषेपाशी थांबली, तर ती अपुरी राहील.