गप्प मूल आणि बरे मूल

आवासपासून रेवदंड्यापर्यंतच्या अष्टागरात नारळी-पोफळीच्या सावलीत जायफळाची झाडे वाढतात. त्याच जायफळाचा एखादा वेढा सहाणेवर उगाळून तान्ह्या मुलाच्या गुटीत घालण्याची रीत या किनाऱ्यावरच्या घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आली. गुटीत वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, बाळहिरडा, सुंठ, काकडशिंगी असे बरेच काही असते आणि त्यातले बहुतेक जिन्नस पोटाच्या, सर्दीच्या, खोकल्याच्या तक्रारींसाठी असतात. जायफळ मात्र झोपेसाठी. ते मुलाला हवे असते तितकेच घरालाही हवे असते, आणि म्हणूनच त्याच्याबाबत आज्या सर्वांत कडक असत: बाकी जिन्नसांचे वेढे मुलाच्या वयाबरोबर वाढत गेले, तरी जायफळाचा हात आखडताच राहायचा. जास्त झालेले जायफळ विषारी ठरते हे आज औषधशास्त्र सांगते. पण त्या सावधगिरीमागे आणखीही एक गोष्ट होती. गुटी उगाळणारी बाई दिवसभर त्याच मुलाजवळ असे. मूल गाढ झोपले आहे की सुस्तावले आहे, भुकेने रडते आहे की किरकिरे झाले आहे, हे तिला दिसत असे आणि दुसऱ्या दिवशीचा वेढा त्यावर ठरे. मुलाच्या मनःस्थितीवर परिणाम करणारे कोणतेही औषध निर्धोक राहते ते अशा पाहणाऱ्या डोळ्यांमुळे, आणि ते डोळे दूर गेले की धोका सुरू होतो, असे मला या किनाऱ्याच्या इतिहासावरून दिसते. आज अतिचंचलतेसाठी, म्हणजे एडीएचडीसाठी, मुलांना जी औषधे दिली जातात त्यांच्या दुष्परिणामांची चर्चाही याच ठिकाणाहून सुरू व्हायला हवी.

हे डोळे दूर कसे गेले, ते पाहायला खाडी ओलांडावी लागते. १९८१ पर्यंत या जिल्ह्याचे, म्हणजे आजच्या रायगडचे, नाव कुलाबा होते. मुंबईत १८५० च्या दशकात पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत रत्नागिरी, सातारा यांच्याबरोबरच कुलाब्याची माणसेही रेवस-धरमतरकडून बोटीत बसून गिरणगावात गेली. पुरुषांच्या मागोमाग बायकाही गेल्या. १९२० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांत साधारण पाचवा हिस्सा बायकांचा होता आणि त्यातल्या पुष्कळजणी वाइंडिंग-रीलिंगच्या खात्यात होत्या. १८९१ च्या कारखाना कायद्याने बायकांचा कामाचा दिवस अकरा तासांवर आणून ठेवला होता आणि ती त्या काळी सुधारणा गणली जाई. अकरा तास आई खात्यात आणि मूल चाळीतल्या खोलीत, म्हाताऱ्या शेजारणीच्या किंवा सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या स्वाधीन. तिथे गुटीची जागा बाळागोळीने घेतली. बाळागोळी म्हणजे अफूची इवलीशी गोळी. सरकारी परवान्याच्या दुकानांतून मिळणारी अफू स्वस्त होती आणि मूल पाळी सुटेपर्यंत झोपून राही. मुंबई सरकारने गिरणीकामगार बायकांच्या स्थितीची पाहणी करायला डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांना नेमले होते. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीच्या त्यांच्या पाहणीत आढळले की अशा बायकांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव मुलांना अफू दिली जात होती. उरलेल्या दोन घरांत आजी तरी असेल किंवा पैसे तरी नसतील, असे मनात येते.

आता या चालीकडे त्या काळी कसे पाहिले गेले ते बघण्यासारखे आहे. १८९३ ते १८९५ या काळात अफूच्या चौकशीसाठी ब्रिटिश सरकारने शाही आयोग नेमला होता. त्याच्यापुढे साक्ष देणाऱ्यांत डॉक्टर, अधिकारी, जमीनदार, व्यापारी असे मोठे लोक होते, आणि हिंदुस्थानात अफूचा वापर एकंदरीत फारसा घातक नाही, असाच आयोगाचा निष्कर्ष निघाला. तान्ह्या मुलांना अफू देण्याची चाल आयोगाला ठाऊक नव्हती असे नाही; पण तिचा हिशेब मांडणारे सगळे मोठे होते. मूल शांत राहते, जुलाब थांबतात, आईला काम करता येते, असे लाभ ते सांगत, आणि ते खोटेही नव्हते. कलकत्त्याचे औषधशास्त्रज्ञ रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकात या चालीचा अभ्यास केला, तेव्हाही अफू देण्यामागची कारणे जवळजवळ हीच निघाली. प्रश्न आहे तो लाभाच्या मापाचा. शांत राहणे हाच गुण मानला, की मूल कोमेजणे, दूध न ओढणे, नजर न मिळवणे या गोष्टी दुष्परिणामांच्या खात्यात जातच नाहीत. त्या गुणाच्याच खात्यात जमा होतात. त्याहून घातक प्रकार पुढचा. अफूचा अंमल उतरू लागला की मूल अस्वस्थ होते, थरथरते, कळवळून रडते. ते रडणे औषधाने आणलेले असते, पण बघणाऱ्याला ते मुळातल्या त्रासासारखे दिसते आणि दुसरी गोळी दिली जाते. म्हणजे औषधाचा दुष्परिणाम हाच औषधाच्या गरजेचा पुरावा ठरतो. अकरा तास दूर असलेल्या आईला या चक्राचे एक टोकही दिसत नव्हते.

यावर आक्षेप असा येईल की अशी मांडणी शेवटी गरीब बायकांवर दोष ढकलते. दोष त्यांचा नाहीच. इंग्लंडच्या गिरण्यांच्या गावांत गॉडफ्रेज कॉर्डियल नावाचे अफूचे पातळ औषध अगदी याच कामासाठी खपत होते, आणि अमेरिकेत १८४९ पासून विकले जाणारे मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप मॉर्फीनवर चालत होते; तिथल्या गिऱ्हाइकांत चांगली सुखवस्तू घरेही होती. आई अडाणी म्हणून अफू देते हे निदान सगळीकडेच चुकीचे ठरले आहे. इथे ती चाल मोडली तीही उपदेशाने मोडली नाही. कामगारांच्या स्थितीवरच्या शाही आयोगाने, म्हणजे व्हिटले आयोगाने, १९३१ मध्ये कारखान्यांत पाळणाघरांची शिफारस केली. १९३४ च्या कायद्याने तशी सक्ती करण्याचे अधिकार प्रांतांना दिले आणि १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघर बंधनकारक झाले. औषधेतर अफूची विक्री दहा वर्षांत बंद करायचे १९४९ मध्ये ठरले. मूल आईच्या हाकेच्या अंतरावर आणणे आणि दुकानातली गोळी दुर्मिळ करणे, या दोन्ही गोष्टी सोबतीने झाल्या. यांपैकी पहिल्या गोष्टीचे महत्त्व आपण विसरलो आणि दुसरी तेवढी लक्षात ठेवली, असे माझे मत आहे. अफू वाईट होती, ती गेली, विषय संपला, अशी ती आठवण आहे.

विषय संपला नव्हता. तो दुसऱ्या खंडात दुसऱ्या रूपात सुरूही झाला होता. १९३७ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी वर्तनाच्या तक्रारी असलेल्या तीस मुलांना बेन्झेड्रिन दिले. उत्तेजक औषध, पण सुमारे निम्मी मुले अभ्यासात अचानक रस घेऊ लागली. तितक्याच मुलांच्या भावना दबल्यासारख्या झाल्याचेही ब्रॅडलींनी नोंदवले आणि ते मोठ्या अंशी सुधारणा म्हणूनच नोंदवले. १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत लिआंद्रो पानिझोन यांनी मिथाइलफेनिडेट तयार केले आणि पत्नीच्या रीटा या लाडक्या नावावरून ते रिटालिन झाले. आज एडीएचडीसाठी जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या औषधांत ते आहे. भूक मंदावणे आणि झोप लांबणे हे त्याचे सर्वपरिचित दुष्परिणाम. मनाशी संबंधित दुष्परिणाम मात्र कमी बोलले जातात: चिडचिड, क्षुल्लक कारणाने डोळ्यांत पाणी येणे, उदासपणा, आणि मात्रा जास्त झाल्यास हसणे-खेळणे आटून मूल सपाट होणे. अंमल उतरतानाची, बहुधा दुपार सरल्यावरची, चिडचिड वेगळीच. शाळेत दिवसभर नीट बसलेले मूल घरी येऊन तासभर भडकते, आणि आई-वडिलांना वाटते की औषध कमी पडते आहे. काही वेळा मात्रा वाढते, जेव्हा खरी गरज वेळ बदलण्याची किंवा औषधाचा प्रकार बदलण्याची असते.

अफूशी ही तुलना अन्यायाची आहे, असे बालमनोविकारतज्ज्ञ म्हणतील आणि त्यांचे म्हणणे बरेचसे खरे आहे. अफू सरसकट गुंगी आणते. मिथाइलफेनिडेट योग्य मात्रेत मुलाला झोपवत नाही, त्याला लक्ष धरून ठेवायला मदत करते. अमेरिकेतल्या ५७९ मुलांवरचा चौदा महिन्यांचा एमटीए अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. काळजीपूर्वक मात्रा ठरवून आणि नियमित भेटी ठेवून दिलेल्या औषधाने मुख्य लक्षणे निव्वळ वर्तनोपचारापेक्षा अधिक कमी झाल्याचे त्यात दिसले. शिवाय उदासी आणि चिडचिड या मुलांमध्ये औषधाआधीही पुष्कळ असते. नकली गोळी घेणाऱ्या मुलांतही त्या तक्रारी नोंदल्या जातात. म्हणून औषध सुरू झाल्यावर दिसलेले प्रत्येक रडू औषधाच्या माथी मारणे हीसुद्धा चूकच, आणि भीतीपोटी उपचार नाकारलेल्या मुलाचे शाळेत, घरात, वर्गमित्रांत जे नुकसान होते ते कुठल्याच खात्यात धरले जात नाही. हे सगळे मान्य करूनही तुलनेतला एक भाग शिल्लक राहतो, आणि तो औषधाच्या गुणधर्माचा नाही, साक्षीदाराचा आहे. औषधाने गुण आला की नाही हे सांगणारा माणूस बहुधा तोच असतो ज्याला मुलाच्या शांततेचा फायदा मिळतो: चाळीस मुलांच्या वर्गातले शिक्षक, थकून घरी आलेले पालक. एमटीएच्या यशातही नियमित भेटींचा वाटा होता, हे विसरून चालत नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, शाळेआधीच्या वयाच्या मुलांवरच्या पॅट्स अभ्यासात जवळपास अकरा टक्के मुलांना दुष्परिणामांमुळे औषध सोडावे लागले आणि त्यांत चिडचिड, भावनांचे उद्रेक ठळक होते. हे कळले कारण कुणीतरी मुद्दाम विचारत होते. अटोमोक्सेटिन या दुसऱ्या औषधावर मुलांमधल्या आत्महत्येच्या विचारांबाबत ठळक इशारा छापण्याचा आदेश अमेरिकेत २००५ मध्ये निघाला, तोही चाचण्यांतल्या नोंदी पुन्हा तपासल्यावर.

रायगडच्या किनाऱ्यावर ही अडचण भूगोलाची आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला आणि शाळांतल्या तपासणीत शोधायच्या आजारांच्या यादीत एडीएचडी आला. अलिबागला २०२१ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरी श्रीवर्धन, मुरुड किंवा म्हसळ्याच्या कुटुंबाला मुलांचा मनोविकारतज्ज्ञ गाठायचा तर वाट पनवेल-मुंबईकडे जाते. मिथाइलफेनिडेट एनडीपीएस कायद्याच्या यादीतले, त्यामुळे गावातल्या मेडिकलमध्ये ते सहज मिळण्याची अपेक्षा ठेवता येत नाही. गोळी दुर्मिळ करण्याचे काम कायद्याने चोख केले आहे. मूल नजरेसमोर ठेवण्याचे काम लांबच्या प्रवासाने अवघड केले आहे. महिन्या-दोन महिन्यांनी डॉक्टरांसमोर बसलेल्या बापाला विचारले, फरक वाटतो का, तर तो शाळेतून तक्रार येत नाही हे सांगतो. संध्याकाळी साडेपाचला काय होते, मूल पूर्वीसारखे हसते का, सुट्टीच्या दिवशी गोळी नसताना ते कसे असते, स्वतः मुलाला आपण कसे वाटतो, हे प्रश्न वेगळे विचारावे लागतात. मनःस्थितीबद्दल असे खोदून विचारले तर पालक घाबरून औषधच बंद करतील, अशी भीती काहीजण व्यक्त करतात. ज्यांना आधी काही सांगितलेले नसते तेच पालक पहिल्या रडण्याला घाबरून गोळी थांबवतात. ज्यांना हे होऊ शकते आणि मात्रा वा वेळ बदलून बहुतेकदा सावरते हे ठाऊक असते, ते फोन करतात. दूरध्वनीवरची तपासणी, शाळेच्या वेळेबाहेरच्या तासांची साधी वही, तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून एकदा येणारा तज्ज्ञ, यांपैकी काहीही फार खर्चाचे नाही. १९३१ मध्ये पाळणाघरांची शिफारस झाली तेव्हा गिरणीमालकांना ती खर्चिक वाटली होती.