विक्रम, चित्रपट आणि एक बेरीज

‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ हे २००५ सालच्या चित्रपटाचे नाव ऐकून एखादा भारतीय वीर डोळ्यांसमोर येणे साहजिक आहे. परंतु हे ‘इंडियन’ म्हणजे अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे तयार झालेली त्या नावाची मोटरसायकल होय. तिचे स्वार बर्ट मन्रो हे न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाकडील इन्व्हरकार्गिल या गावचे.

१८९९ साली जन्मलेल्या मन्रो यांनी १९२० मध्ये ‘इंडियन स्काउट’ ही गाडी घेतली. तिचा मूळ वेग ताशी सुमारे ५५ मैल. १९२६ पासून त्यांनी तिच्यात फेरफार आरंभिले. ते व्यावसायिक शर्यतपटू नव्हते. मोटरसायकलींची विक्री व दुरुस्ती करून उरलेल्या वेळात ते जुन्या डब्यांच्या साच्यांत पिस्टन ओतीत, ट्रॅक्टरच्या आसातून कनेक्टिंग रॉड घडवीत. ६०० घनसेंटिमीटरचे इंजिन अखेरीस सुमारे ९५० पर्यंत गेले.

अमेरिकेतील युटा राज्यात बॉनव्हिल येथे आटलेल्या प्राचीन सरोवराचे मिठाचे विस्तीर्ण मैदान आहे. तेथे मन्रो यांनी १९६२, १९६६ आणि १९६७ या वर्षी आपापल्या गटांत विक्रम नोंदविले. शेवटच्या विक्रमाच्या वेळी स्वार ६८ वर्षांचा आणि गाडी ४७ वर्षांची होती!

दिग्दर्शक रॉजर डोनाल्डसन यांनी मन्रो यांच्या हयातीतच, १९७१ साली, त्यांच्यावर माहितीपट केला होता. पुढे अँथनी हॉपकिन्स यांना घेऊन केलेल्या चित्रपटात मात्र त्यांनी अनेक वर्षांच्या वाऱ्या एकाच प्रवासात गुंफल्या. कथेच्या ओघासाठी हे क्षम्य आहे. तथापि त्यामुळे मन्रो यांचे खरे मोठेपण काहीसे झाकले जाते, असे आम्हांस वाटते. एका धाडसी प्रवासापेक्षा चार दशकांची चिकाटी अधिक दुर्मीळ असते.

वाऱ्याचा लाभ वगळावा म्हणून विक्रमासाठी दोन विरुद्ध दिशांच्या धावांची सरासरी घेतात. १९६७ च्या धावा ताशी १८४.७१० व १८३.४६३ मैलांच्या होत्या. त्यांची सरासरी १८४.०८७ येते. नोंद मात्र १८३.५८६ अशी झाली होती. मन्रो १९७८ साली निवर्तले. पुढे त्यांच्या पुत्राच्या ध्यानी ही चूक आली आणि अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनने २०१४ साली, म्हणजे ४७ वर्षांनी, नोंद दुरुस्त केली.

फरक जेमतेम अर्ध्या मैलाचा. पण तो ना चित्रपटाने दाखविला, ना आख्यायिकेने. तो सापडला जुन्या आकड्यांची बेरीज पुन्हा करणाऱ्यास. आपल्या घराण्यांतही पूर्वजांच्या पराक्रमाच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. त्यांची पत्रे व सनदा मात्र ट्रंकेत पडून असतात. वाचकहो, ती ट्रंक वाळवीच्या आधी आपण उघडावी, एवढीच विनंती.