ओठांचे फिलर: घेण्याआधी काय माहीत असावे?

लग्न ठरले की महाड-पोलादपूरकडच्या मुली खरेदीला मुंबई-पुण्याला जातात. त्याच फेरीत ओठांचे 'इंजेक्शन' घेऊन यावे का, असे हल्ली दवाखान्यात विचारले जाते. मी ही प्रक्रिया करत नाही. पण घरी आल्यावर त्रास झाला तर तुम्ही आधी आमच्यासारख्याच डॉक्टरांकडे येणार, म्हणून हे लिहीत आहे.

फिलर म्हणजे काय?

बहुतेक ठिकाणी हायलुरोनिक ॲसिडचे जेल वापरतात. हा पाणी धरून ठेवणारा पदार्थ आपल्या त्वचेत मुळातच असतो. वयाबरोबर ओठ बारीक होतात, वरच्या ओठावर उभ्या रेषा पडतात. तिथे बारीक सुईने जेल भरतात. पहिल्या वेळी अर्धा ते एक मिली पुरते. परिणाम साधारण ६ ते १२ महिने टिकतो, पुढे पुन्हा तेवढाच खर्च. मेडिक्लेममध्ये तो सहसा बसत नाही. सूज आणि काळेनिळे डाग काही दिवस ते दोन आठवडे राहू शकतात, त्यामुळे हळदीच्या आदल्या आठवड्यात हे करू नका. निदान महिनाभर आधी करा.

हे जेल हायलुरोनिडेज या इंजेक्शनने विरघळवता येते. अभिनेत्री उर्फी जावेद हिने जुलै २०२५ मध्ये आपले फिलर असे विरघळवून घेतले आणि सुजलेल्या चेहऱ्याचा व्हिडिओ स्वतःच टाकला होता. सिलिकॉनवर मात्र हा उतारा चालत नाही. कोणी 'कायमचे' फिलर देऊ करत असेल तर सरळ नाही म्हणा.

खरा धोका कोणता?

जेल चुकून रक्तवाहिनीत गेले किंवा तिच्यावर दाब आला तर त्या भागाचा रक्तपुरवठा थांबतो. हे क्वचित घडते, पण कुशल हातांकडूनही घडू शकते. ओठ किंवा आजूबाजूची त्वचा पांढरी पडणे, जाळीदार जांभळे डाग, वाढत जाणारी वेदना ही त्याची लक्षणे. ओठ बोटाने दाबून सोडल्यावर दोन-तीन सेकंदांत रंग परत आला नाही तर ती साधी सूज समजू नका. साध्या सुजेला बर्फ चालतो. इथे बर्फ लावू नका, ताबडतोब इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. काही तासांत हायलुरोनिडेज मिळाले नाही तर त्वचा मरू शकते. नजर अंधूक झाली तर थेट मोठे रुग्णालय गाठा.

हे इंजेक्शन साध्या दवाखान्यात सहसा नसते. फिलर घेऊन लगेच मुंबई-गोवा महामार्गाला लागलात किंवा वरंध घाटात रेंज नसताना दुखू लागले, तर हातातले तास गाडीतच जातील. मुंबईत काका-मामा असतातच. ती रात्र तिथे राहा.

कोणाकडे करावे, कोणी टाळावे?

त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडेच करा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. हायलुरोनिडेज क्लिनिकमध्ये आहे का, हेही विचारा. सीलबंद सिरिंज तुमच्यासमोर उघडायला सांगा, तिचा स्टिकर जपून ठेवा. ब्युटी पार्लरमध्ये किंवा सुईविना पेनने फिलर घेऊ नका.

गरोदर व स्तनदा मातांनी थांबावे. ओठांवर वारंवार 'जर' उठत असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधी सांगा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

पन्नाशीनंतरच्या बायका ओठ आत गेले म्हणून येतात, तेव्हा मी आधी तोंड उघडायला सांगतो. पुष्कळदा पुढचे दात पडलेले असतात आणि कवळी बसवली की ओठ बरेचसे भरून दिसतात. काळे पडलेले ओठ फिलरने उजळत नाहीत. मशेरी लावणाऱ्यांच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल तर फिलरचा विषय बाजूला ठेवून आधी ती तपासून घ्या.