प्लॅटिनमावांचून

इ. स. १८३९ मध्यें विल्यम ग्रोव्ह ह्या वेल्समधील वकिलांनीं पातळ गंधकाम्लांत प्लॅटिनमच्या दोन पट्ट्या बुडविल्या. एकीस हायड्रोजन व दुसरीस प्राणवायु पुरविला. वायूंचा संयोग होऊन पाणी झालें आणि तारेंतून वीज वाहूं लागली. ज्वाला नाहीं, धूर नाहीं, चाकांचा खडखडाट नाहीं. असा हा इंधनघट. मग तो शतकभर प्रयोगशाळेंतच कां राहिला, असें वाचक विचारतील. कारणें अनेक होतीं. त्यांतील एक मोठें म्हणजे प्लॅटिनम. हे वायु थंडपणीं सहज संयोग पावत नाहींत. त्यांस जुळविणारा उत्प्रेरक लागतो, आणि त्या कामीं ह्या महाग धातूचा हातखंडा. १८८९ सालीं माँड व लँगर ह्यांनीं घटाची रचना सुधारली, परंतु प्लॅटिनम त्यांसही सुटलें नाहीं.

हा पेंच नेटानें सोडविला तो फ्रान्सिस टॉमस बेकन ह्या इंग्रज एंजिनिअरांनीं. आम्लांत स्वस्त धातु टिकत नाहीं, तर आम्लच सोडावें, असा त्यांचा सरळ विचार. मालकांनीं प्रयोग किंवा नोकरी ह्यांपैकीं एक सोडण्यास सांगितलें, तेव्हां १९४० सालीं त्यांनीं नोकरी सोडली. दाहक पोटॅशच्या द्रवांत सच्छिद्र निकल वापरावयाचें ठरलें. निकल थंडींत आळशी; म्हणून उष्णता सुमारें २०० अंश सेंटिग्रेड ठेविली, व पाणी उकळूं नये म्हणून दाब वाढविला. पुढें प्राणवायूच्या बाजूचें निकल गंजूं लागलें. तेव्हां लिथियम मिसळून त्या गंजासच वीजवाहक केलें. शत्रूसच चाकरीस ठेवण्याचा हा प्रकार! १९५९ सालीं केंब्रिज येथें सुमारें ५ किलोवॅटचा घट चालला. त्याच घराण्यांतील घट अपोलो यानांत बसले, आणि १९६९ सालीं चंद्रावर गेलेले वीर त्यांत तयार झालेलें पाणी प्याले.

तथापि एवढी उष्णता व दाब मोटारीस सांभाळवत नाहींत, आणि हवेंतील कर्बवायु पोटॅशला बिघडवितो. म्हणून आम्लधर्मी पडद्याचा घट पुढें आला, व त्याबरोबर प्लॅटिनमही परतलें. इकडे १९६४ सालीं जॅसिन्स्की ह्यांनीं कोबाल्टचें एक सेंद्रिय संयुग प्राणवायूच्या कामीं चालतें असें दाखविलें. त्याची घडण रक्तांतील लोहयुक्त द्रव्याशीं मिळतीजुळती आहे. त्या वाटेनें जातां जातां लोह, नत्र व कर्ब ह्यांचे उत्प्रेरक आले. २००९ सालीं कॅनडांतील संशोधकांचा उत्प्रेरक तेजांत प्लॅटिनमच्या जवळ पोंचला, पण थोड्याच तासांत मंदावला.

लोह स्वस्त आहे खरें. परंतु जें लवकर झिजतें तें स्वस्त म्हणतां येत नाहीं. बेकन ह्यांस निकल टिकविण्यांत वर्षें गेलीं. लोहाचीही परीक्षा तीच आहे.