लॉर्ड लुकन : जुगार, कर्ज आणि पलायन

ब्रिटनच्या संसदेने १९६० साली सट्टा व जुगारविषयक कायदा संमत केला तेव्हा त्यातील पत्त्यांच्या खेळांविषयीच्या तरतुदींचा हेतू ब्रिज, व्हिस्ट यांसारख्या निरुपद्रवी डावांना मोकळीक देण्याचा होता. परंतु कायद्यातील पळवाटांमुळे लंडनमध्ये मोठ्या रकमांचे जुगारी क्लब उभे राहिले आणि त्यांना आवर घालण्यासाठी १९६८ साली नवा कायदा करावा लागला. जॉन ॲस्पिनॉल याने १९६२ मध्ये बर्कले स्क्वेअरमधील अठराव्या शतकातील एका वाड्यात उघडलेला क्लेरमाँट क्लब हा त्यांपैकी सर्वांत प्रतिष्ठित, आणि रिचर्ड जॉन बिंगहॅम, म्हणजे लॉर्ड लुकन, लुकनचा सातवा अर्ल (अर्ल ही वंशपरंपरेने चालणारी सरदारकीची पदवी होय), हा तेथील नित्याचा खेळाडू होता.

१९३४ मध्ये जन्मलेला आणि ईटन शाळेत शिकलेला बिंगहॅम एका व्यापारी बँकेत नोकरीस असताना ‘शेमां द फेर’ या खेळात दोन रात्रींत सुमारे २६,००० पौंड जिंकला, ‘लकी’ म्हणून ओळखला जाऊ लागला आणि नोकरी सोडून जुगारावरच जगू लागला. हातातील पत्त्यांची बेरीज नऊच्या जवळ नेण्याच्या या खेळात कौशल्याला फारसा वाव नसतो. अशा खेळातील यशावर उपजीविका उभारणे हाच त्याच्या ऱ्हासाचा आरंभ होता. १९६४ मध्ये वडिलांच्या मृत्यूनंतर हाती आलेली वारशाची संपत्तीही पुढील दशकात खेळात वाहून गेली. १९७३ मध्ये पत्नी व्हेरॉनिकापासून तो विभक्त झाला, तिन्ही मुलांच्या ताब्याचा दावा हरला, आणि दाव्याच्या खर्चाने कर्जाचा डोंगर आणखी वाढला.

७ नोव्हेंबर १९७४ च्या रात्री लोअर बेलग्रेव्ह स्ट्रीटवरील व्हेरॉनिकाच्या घराच्या तळघरात मुलांना सांभाळणारी एकोणतीस वर्षांची सँड्रा रिव्हेट शिशाच्या नळीच्या प्रहारांनी मारली गेली; जखमी व्हेरॉनिकाने जवळचे मद्यगृह गाठून हल्लेखोर म्हणून पतीचे नाव घेतले. लुकनने त्या रात्री ससेक्समधील अकफील्ड येथील मित्राचे घर गाठले आणि आपला साडू बिल शँड किड याला पत्रे लिहिली. एका पत्रात त्याने स्वतःला निर्दोष म्हटले, तर दुसऱ्यात क्रिस्टीज या लिलावगृहातील आगामी विक्रीतून बँकांची देणी कशी भागवावीत याच्या सूचना दिल्या. एक निरपराध स्त्री मरून काही तासच झाले असताना लिहिलेले हे हिशेबाचे पत्र या साऱ्या प्रकरणातील सर्वांत बोलका पुरावा आहे, कारण जुगाराच्या देण्यांनी त्या माणसाचे मन किती व्यापले होते हे त्यातून दिसते. त्याने उसनी घेतलेली मोटार पुढे न्यूहेवन या बंदराच्या गावात सापडली. तो मात्र सापडला नाही.

जून १९७५ मध्ये मृत्यूचौकशीच्या, म्हणजे संशयास्पद मृत्यूचे कारण ठरवणाऱ्या अधिकाऱ्यापुढील सुनावणीच्या, ज्यूरीने लुकनला खुनी ठरवले. अशा चौकशीत व्यक्तीचे नाव घेऊन दोषी ठरवण्याचा अधिकारच १९७७ च्या कायद्याने रद्द झाला. फौजदारी खटला कधीच उभा राहिला नाही, त्यामुळे सँड्राच्या कुटुंबाला न्यायालयाचा निकालही मिळाला नाही. आणि तरीही पुढील अनेक दशके वृत्तपत्रांनी आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत लुकन दिसल्याच्या बातम्यांना जी जागा दिली, तिच्या अल्पांशानेही सँड्राच्या आयुष्याला दिली नाही. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने लुकनच्या मृत्यूचा दाखला मंजूर केला आणि अर्लची पदवी त्याचा मुलगा जॉर्ज याच्याकडे गेली.