कारसाठी सायकल रॅक कसा निवडावा? डिकी, छत की टोइंग हुक

असोद्याहून अजिंठ्याच्या घाटात सायकल चालवायची म्हटलं की आधी फर्दापूरपर्यंत साठेक किलोमीटर ट्रकांच्या रस्त्याने जावं लागतं. म्हणून आम्ही दोन सायकली कारला बांधून निघालो. रॅक मित्राकडून आणलेला, आमच्या गाडीला बसतो का हे कुणी पाहिलंच नव्हतं. पहूरच्या अलीकडे मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्या काकांनी हात करून थांबवलं. एक पट्टा सैल झाला होता आणि सायकल एका बाजूने लोंबत होती. ती सुटली असती तर थेट काकांच्या अंगावर गेली असती.

तेव्हा रॅक निवडताना पहिला प्रश्न किमतीचा नाही. माझ्या गाडीला आणि माझ्या सायकलीला हा बसतो का, हा आहे.

रॅकचे तीन प्रकार

१. डिकीवर बसणारा रॅक: पट्टे आणि हुक डिकीच्या दाराच्या कडांना अडकवतात. सगळ्यात स्वस्त, काढ-घाल सोपी. हॅचबॅकवाले बहुतेक हाच घेतात. पण मागे प्लॅस्टिकचा स्पॉयलर असेल तर हुकचा ताण त्यावर येता कामा नये. बहुतेक रॅकची मर्यादा एका सायकलीला १५ किलोच्या आसपास असते. आपल्याकडच्या स्टीलच्या गिअर सायकली सहज १६-१८ किलो भरतात, त्यामुळे आधी वजन करा. आणि हो, रॅक लावल्यावर डिकी उघडत नाही. भरिताची वांगी न्यायची असतील तर आधीच आत ठेवा!

२. छतावरचा रॅक: दोन आडव्या दांड्या आणि त्यावर सायकलीचा ट्रे. नंबर प्लेट, लाइट, डिकी सगळं मोकळं राहतं. छतावर किती वजन चालतं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. समजा मर्यादा ५० किलो आहे. दांड्या आणि दोन ट्रे मिळून १४ किलो गेले, तर सायकलींसाठी उरले ३६. अडचण उंचीची आहे. दीड मीटरची गाडी आणि वर उभी सायकल म्हणजे अडीच मीटरच्या पुढे. रेल्वेच्या भुयारी मार्गाचा हाइट गेज किंवा मॉलचं पार्किंग आलं की हे विसरायचं नाही. वारा अडतो, त्यामुळे पेट्रोलही जास्त लागतं.

३. टोइंग हुकवरचा रॅक: जड सायकली आणि ई-सायकलसाठी सगळ्यात भक्कम. पण आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना असा हुक कंपनीकडून येत नाही. फक्त रॅकसाठी बाहेरून हुक बसवायचा असेल तर आधी वॉरंटी आणि नियम दोन्ही तपासा.

नंबर प्लेटचा घोळ

युरोपात मागचा रॅक लावला की त्यावर वेगळी नंबर प्लेट आणि लाइटची पट्टी लावतात. आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची आहे. ती स्नॅप लॉकने बसवलेली असते, काढून रॅकवर लावता येत नाही. म्हणून डिकीचा रॅक घेताना सायकली उंचावर धरणारा घ्या, म्हणजे प्लेट आणि ब्रेक लाइट झाकले जाणार नाहीत.

सायकलही बघा

- लेडीज सायकलला वरची आडवी दांडी नसते. तिच्यासाठी वेगळा अडॅप्टर बार लागतो.
- कार्बन फ्रेम क्लॅम्पमध्ये आवळू नका, तडा जाऊ शकतो. चाकं धरणारा ट्रे बरा.
- ई-सायकलची बॅटरी काढून गाडीत ठेवा. वजन कमी होतं.

विकत घेण्याआधी

थूले या स्वीडिश कंपनीसारखे (आपल्या धुळ्याशी काही संबंध नाही!) मोठे ब्रँड गाडीचं मॉडेल आणि वर्ष टाकून कोणता रॅक बसतो ते वेबसाइटवर दाखवतात. ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ एवढंच लिहिलं असेल तर दुकानात गाडी नेऊन बसवून बघा.

निघण्याआधी मोबाइल काढा

१. दहा पावलं मागे जाऊन फोटो काढा. नंबर आणि दोन्ही लाइट फोटोत दिसले पाहिजेत.
२. सायकल जोरात हलवा आणि व्हिडिओ काढा. सायकलीबरोबर गाडी हलली तर ठीक. सायकल एकटीच हलली तर पट्टे पुन्हा आवळा.
३. पट्ट्याची मोकळी टोकं बांधा. सायकलीचा टायर सायलेन्सरच्या तोंडासमोर नको, गरम धुराने टायर खराब होतो.
४. दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पुन्हा तपासा. नवे पट्टे सुरुवातीलाच सैल होतात.

जळगावच्या उन्हात नायलॉनचे पट्टे लवकर कमजोर होतात. काम झालं की रॅक काढून घरात ठेवा आणि विरलेला पट्टा लगेच बदला.

मग कोणता घ्यायचा?

एकच सायकल असेल तर पुढचं चाक काढा, मागची सीट पाडा आणि सायकल गाडीतच टाका. रॅकची गरजच नाही. हॅचबॅक आणि दोन हलक्या सायकली असतील तर डिकीचा. लांबचा प्रवास किंवा महागडी सायकल असेल तर छताचा. ई-सायकल असेल आणि गाडीला हुक असेल तर हुकवरचा.

आम्ही शेवटी छताचा घेतला. आता पहूरवरून जाताना आरशात मागचा रस्ता पूर्ण दिसतो.